नवा पीसी की जुनाच

निलंग्याचा माझा मित्र भागवत माझ्याशी पत्रातून बुद्धिबळ खेळतो; त्याने पुढची चाल पाठवली होती. तोडीची चाल सुचेना, म्हणून मी उत्तरच दिलं नव्हतं. परवा नांदेड-लातूर बसमध्ये मागच्या सीटवर बहीणभाऊ बोलत होते.

"ताई, जुना पीसी अडकत चालतो. आता नवाच जोडतो."

"वर्षभर हेच ऐकून राहिले. जोड की मग."

"दिवाळीला भारी ग्राफिक्स कार्ड येणार हाय. तोवर थांबतो."

"आन् तुझा दोस्त प्रेम? पुण्याहून रोज विचारतो, ऑनलाइन खेळायला कधी येतो म्हणून."

"असल्या डब्यावर खेळलो तर लई हसंल."

"हसू दे. त्यानं दुसरा गडी धरला, तर नव्या पीसीवर एकटाच बस."

"…बरं. लातुरात जुन्यासाठीच नुसती रॅम घेतो. आजच खेळतो."

लातूरला उतरून मी पोस्टकार्ड घेतलं. प्याद्याची साधीच चाल लिहिली आणि पेटीत टाकलं.