ध्रुवपदाआधीचं हसू

“काकू, त्या गाजलेल्या अल्बममधल्या गाण्यात ध्रुवपदाआधी हसणाऱ्या तुम्हीच ना?” बरोबरच्या मैत्रिणींनी डिवचलं, म्हणून दातांच्या दवाखान्यात एका शाळकरी पोरीने विचारलंच. परीक्षेपायी तिचा गाण्याचा क्लास घरच्यांनी कालच बंद केला होता.

“मीच. शब्द विसरले नि फिस्सकन हसले.”

“संगीतकार म्हणाला, राहू दे, छान वाटतंय,” शेजारी बसलेली काकूंची मैत्रीण म्हणाली. “मग काय, घरोघरी तेच. पोरंसोरं हिच्यासारखी हसायची.”

“पुढच्या अल्बममध्ये नव्हतात?”

“वडील म्हणाले, आधी परीक्षा. मग नोकरी आली. मग राहूनच गेलं.”

“हस की एकदा तसं,” काकूंची मैत्रीण म्हणाली.

“दाढ ठणकतेय, बाई.” पण काकू हसल्या, अगदी तश्शाच.

घरी पोरीने दप्तरही उतरवलं नाही. “आई, बाबा, परीक्षाही देणार आणि क्लासलाही जाणार. उद्यापासूनच.”