चालू वर, बंद खाली

— ती वायर पण बरोबरच निघेल, मॅडम. नाही, आपला एक अंदाज. सकाळपासून पाठ मोडून एकेक वायर उघडून बघताय, म्हणून म्हटलं. जेवलात तरी का? नाही ना. — मी काय म्हणतो, तुम्ही हा जो नवा कॉम्प्युटर बसवलाय, त्याच्या स्क्रीनवर व्हॉल्व्हच्या चित्राशेजारी अक्षरं लिहिता येतील का? नुसतं ‘चालू’, नुसतं ‘बंद’. रंग आहेत, हो, दिसतात ना — म्हणजे, रंग आहेत एवढं दिसतं. हसलात? हसा. घरची पण हसते. मला टोमॅटो आणायला पाठवत नाही, कच्चेच उचलून आणता म्हणते.

जुन्या पॅनेलवर ही भानगडच नव्हती. दोन दिवे — वरचा लागला की चालू, खालचा लागला की बंद. अख्खी नोकरी त्यावर निघाली, कुणाला पत्ता लागला नाही. तुम्ही मात्र एकाच जागी एकच चित्र ठेवलंत, हिरवं झालं की चालू, लाल झालं की बंद — मला दोन्ही सारखीच, मातकट. काल पाइप खोलायच्या आधी फिटरने खालून विचारलं, वाफ बंद आहे ना? मी बघितलं. नीट बघितलं हो — आणि ‘बंद आहे’ म्हटलं. शेजारच्याला विचारता आलं असतं. लाज वाटली. कोपरापर्यंत भाजलाय तो. आणि साहेबांनी विचारलं तेव्हा तोंडातून निघून गेलं, स्क्रीनच खोटं दाखवतो म्हणून — एवढंच बोललो, तुमचं नाव नाही घेतलं. आता तुम्हाला घरी पाठवायचं म्हणतायत. आलंय माझ्या कानावर.

सांगणार आहे मी. आजच सांगणार. पण सांगितलं की उद्या मला गेटवर बसवतील, आणि माझी मुलगी सासरी सगळ्यांना सांगत असते, आमचे बाबा अख्खा कारखाना चालवतात — तिला काय सांगू, बाबांना लाल-हिरवं कळत नाही? शरम वाटते गं पोरी, तुझ्याकडे बघवत नाही. ठेव तो स्क्रू-ड्रायव्हर. काही सापडणार नाही तुला त्या वायरींत. मी आत्ता जातो वर, साहेबांना स्पष्ट —

या साहेब. — हो, तेच बघतोय. — नाही, अजून चूक सापडली नाही. शोधतेय ती.