लाल चिंधीची खुंटी

जबाब, दि. १९ सप्टेंबर, शुक्रवार, दुपारी १२.४० वाजता

नाव इतवारी गोमाजी नान्हे, वय ७२ वर्षे (आधार कार्डावर ६८ आहे, ते चूक आहे), धंदा मासेमारी, शिक्षण तिसरीपर्यंत, राहणार ढिवरटोली, मौजा खापरघाट, तालुका पवनी, जिल्हा भंडारा. मोबाईल आहे, नंबर पाठ नाही.

मी स्वतः ठाण्यात हजर होऊन सांगतो की, वरील पत्त्यावर मी पत्नी मंदाबाई, वय ६५, हिच्यासह राहतो. मुलगा प्रीतम नागपूरला कामाला आहे. मंदाबाई मंगळवारी दुपारी सव्वाचारपासून बेपत्ता आहे. याबद्दल मी बुधवारी तोंडी तक्रार दिली आणि त्यात आमच्या मच्छीमार सोसायटीचा अध्यक्ष घनश्याम याच्यावर संशय घेतला. आज सविस्तर सांगतो. काही सांगायचे राहिले तर पुढे माझ्यावरच येईल, म्हणून कोणी विचारले नाही तेही सांगतो.

बंगालच्या बाजूने वादळ आत सरकत आहे आणि पाऊस लागेल, असे रविवारी मोबाईलवर ऐकले होते. रविवार संध्याकाळपासून पाऊस लागून होता. सोमवारी सकाळी लाईन गेली. दहाच्या सुमारास टॉवर बंद पडला आणि कोणाचाच फोन लागेना. प्रीतमला मी सहा वेळा लावला. त्यानंतर जे कळले ते माणसाच्या तोंडूनच कळले, आणि कोणाच्या तोंडून काय निघाले याचा भरवसा राहिला नाही.

मंगळवारी सकाळी अकरा वाजता कोतवाल टिकाराम याने दवंडी दिली की, वरून पाणी सोडणार आहेत, टोलीने घरे खाली करून गावातल्या शाळेत जावे. मी त्याला हुकूम कोणाचा असे विचारले. तो म्हणाला, तलाठी मॅडमचा. मॅडमला कोणी सांगितले, तर एक माणूस मोटरसायकलवर आला होता. त्या माणसाचे नाव टिकारामला माहीत नव्हते. मी म्हटले, कागद दाखव. तो म्हणाला, "बुवा, कागद भिजते. तोंड भिजत नाही म्हनून मले पाठवलं." लोक हसले. मी हसलो नाही, कारण टिकाराम दवंडीच्या आधी घनश्यामच्या ओसरीवर चहा पीत होता. ते मी स्वतः पाहिले.

मागल्या वर्षीही अशीच दवंडी झाली होती. आम्ही दोन दिवस शाळेत राहिलो, पाणी आले नाही, आणि परत येऊन पाहतो तर तीन घरांची जाळी गेलेली. त्यात माझे एक होते. आठ दिवसांनी घनश्यामकडे नवीन जाळे दिसले. बाजारातून आणले असे त्याने सांगितले. पावती मी पाहिली नाही.

म्हणून मंगळवारी मी उठलो नाही. नदीचे पाणी पाहायची आमची रीत अशी की, काठाला खुंटी रोवायची आणि ती बुडाली की उठायचे. बारा वाजता मी घाटावर मोहाच्या झाडाखालच्या ओट्याजवळ, पाण्यापासून दोन हात वर, बांबूची खुंटी रोवली. लांबून दिसावी म्हणून तिला लाल चिंधी बांधली. तशा खुंट्या आम्ही जाळे ताणायलाही नेहमी रोवतो. टोलीत एकोणीस घरे आहेत. फोन नाही, दवंडीचा भरवसा नाही, तेव्हा माझी खुंटी धरायची असे घाटावर सगळ्या पुरुषमाणसांत ठरले.

मंदाबाईचे म्हणणे दवंडी झाली तेव्हापासून जाऊ असे होते. तिने दोन लुगडी, रेशनकार्ड आणि माझ्या गोळ्या यांचे गाठोडे बांधून दारात ठेवले होते. ते मी उचलून आत ठेवले. दीडच्या सुमारास ती बाहेरून भिजून आली आणि म्हणाली, "बकरीजवळ पानी आलं होतं, तिले वर बांधून आलो." मी जाळे शिवत होतो. बरं म्हटले.

माझा गुडघा दुखतो, त्यामुळे नंतर मी घाटावर उतरलो नाही. पडवीतून साठ पावलांवर चिंधी दिसत होती. अडीच वाजता पाहिले, साडेतीन वाजता पाहिले, चिंधी पाण्याच्या वर होती. विचारायला आलेल्या प्रत्येकाला मी पाणी चढले नाही असे सांगितले. किती जणांना सांगितले ते आठवत नाही.

चार वाजता घनश्याम भिजत आला. तो म्हणाला, "बुवा, उठा आता. पानी चढून राहिलं." मी म्हटले, "खुंटी पाह्य." तो म्हणाला, "खुंटी दिसून राहिली मले. मोहाचा ओटा कुठी गेला ते सांगा." पावसात मला झाडच नीट दिसत नव्हते, ओटा कुठून दिसणार. मला वाटले, याला टोली रिकामी करायची आहे. मी त्याला मागल्या वर्षीच्या जाळ्याबद्दल बोललो. तो माझा डोंगा न विचारता सोडून त्यात लोक बसवू लागला.

मंदाबाईने गाठोडे पुन्हा बाहेर काढले. सव्वाचार वाजता ती म्हणाली, "बकरी सोडून आनतो. तुमी बसा डोंग्यात." मी म्हटले, मी बसत नाही, तू आण. ती घाटाकडे गेली. पाचसात मिनिटांत नाल्याच्या बाजूने पाणी आडवे आले. घनश्यामने मला काखेत धरून डोंग्यात घातले. मी त्याच्या हाताला चावलो. घाटाकडे डोंगा ने असे मी म्हटले, त्याने नेला, पण मोहाच्या फांद्यांजवळ धार फार होती. तिथे कोणी दिसले नाही.

टोलीतील बाकी सर्व माणसे शाळेत पोहोचली. सहा वाजता बकरी एकटीच शाळेत आली. गळ्यातला दोर तुटलेला नव्हता. टोक सोडवलेले होते.

गुरुवारी दुपारी टॉवर सुरू झाला आणि माझ्या मोबाईलवर एकदम चौदा मेसेज आले. ठाण्यातील शिपाई बाईंनी वाचून दाखवले. त्यातील एक मंगळवारी सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांचा आहे. त्यात नदीकाठ सोडा असेच लिहिले आहे. तो मागाहून घातला असेल असा मला संशय आला, म्हणून मी वेळ पुन्हा वाचायला लावली. वेळ तीच आहे. चार मेसेज प्रीतमचे आहेत. आईला फोन दे, असे त्यात आहे.

आज सकाळी पाणी उतरल्यावर मी जमादार साहेबांसोबत घाटावर गेलो. माझी खुंटी ओट्याजवळ नव्हती. अकरा पावले वर, चढावर रोवलेली सापडली. मी लगेच म्हटले की बघा, हलवली आहे, घनश्यामने खुंटी हलवली असे मी बुधवारी सांगितले तेच. जमादार साहेबांनी चिंधीखालचा चिखल पुसला. तिथे बकरीचा दोर अडकवायला जाळ्याच्या दोऱ्याचा फास बांधलेला होता. गाठ डावरी आहे. टोलीत जाळे सगळ्यांना विणता येते, पण डाव्या हाताने गाठ मारणारे माणूस एकच आहे.

खुंटीचे मी बाकी अठरा घरांना सांगितले होते. माझ्या घरात सांगायचे राहिले. बकरी वर कोणत्या खुंटीला बांधली, हे मी विचारले नव्हते.

हा जबाब मला मराठीत दोनदा वाचून दाखवला. घनश्यामचे नाव जिथे संशयाने आले आहे ती ओळ खोडा, असे मी म्हटले. लिहिलेले खोडता येत नाही, खाली लिहून देता येते, असे सांगण्यात आले. म्हणून खाली लिहून देतो की खुंटी घनश्यामने हलवली नाही. जाळ्याचे मला माहीत नाही. बाकी मजकूर मी सांगितला तसाच आहे. अंगठा न देता सही करतो. मंदाबाईच्या नावापुढे बेपत्ता एवढेच लिहिले आहे, दुसरे काही लिहिलेले नाही, हे मी बोट ठेवून पाहून घेतले.

(सही) इतवारी गोमाजी नान्हे