तिसऱ्या ग्लासातली आयपीए

...आणि वर मलाच म्हणतात, "लिनिया, अगं पहिलीच बिअर तर आहे, घाबरतेस कशाला!" अहो, पहिली आहे म्हणूनच घाबरते ना! दुसरी असती तर नाचक्की आधीच होऊन गेली असती, मग कशाला घाबरले असते?

तुम्हाला सांगते, पोर्टलंडमधलं आमचं घरी बिअर करणाऱ्यांचं मंडळ वेंडेलच्या गराजमध्ये भरतं. जागा रिकामी एक, उमेदवार दोन, मी आणि ऑरिन. मी या शहरात नवी, नोकरी वाचनालयात, दिवसभर "हळू बोला" एवढंच बोलते. मला ती जागा हवी होती हो, चार माणसांत बसायला! आणि नियम काय? नव्या माणसाने स्वतःच्या कृतीची आयपीए, म्हणजे हॉप्सच्या फुलांची कडवट बिअर, आणायची, जुन्यांचेही ग्लास त्यात मिसळलेले, ग्लासांवर नावं नाहीत, चाखून प्रत्येकाने फक्त दोष सांगायचे. कौतुकाला बंदी!

कृती ठरवताना सगळ्यांना विचारलं, तिथेच चुकलं. वेंडेल म्हणाला, "मोड आलेल्या जवाच्या माल्टचा फिका अर्क घे, वर कॅरामेल माल्ट चिमूटभर. चिमूटभर! जास्त झालं तर ती आयपीए नाही, खोकल्याचं औषध." त्याची बायको लोरेटा म्हणते, "चिमूट तरी कशाला? कडू हॉप्स आधी, वासाचे शेवटी, आणि तोंड बंद ठेव." माझ्या तोंडाचा काय संबंध? मी लिहीत गेले, खोडत गेले... शेवटी उरलं काय? अर्क, हॉप्स, यीस्ट आणि पाणी. पाण्यालाही कुणीतरी नाक मुरडलंच!

ऑरिन मात्र देवमाणूस. "माझीही पहिलीच आहे, एकत्र करू या का?" माझ्या ओट्यावर दोन पातेली. कृती आपापली, पण सल्ले त्याच मंडळाचे, म्हणजे जवळजवळ सारखीच! त्याने अर्क ओतला. काकवीसारखा घट्ट असतो तो, बुडाशी बसतो, ढवळत राहिलं नाही तर लागतो. आणि तेवढ्यात मी माझ्या उकळीत हॉप्स टाकले. फेस असा उसळला, असा उसळला... मी किंचाळले! शेजारच्यांनी भिंत ठोकली! ऑरिन आपला पळा सोडून धावला, माझा गॅस बंद केला, ओटा पुसला, मला खुर्चीत बसवून पाणी दिलं. "पहिलीच तर आहे गं," म्हणाला.

मग चाखायचा दिवस. तिसरा ग्लास तोंडाला लावला आणि... जळकट! माझाच! दुसऱ्या कुणाचा असणार? माझं कधी काही नीट झालंय? गप्प बसले तर चेहरा सांगून टाकणार. म्हटलं, आपणच आधी झोडपायचं, म्हणजे संशय नको. तोंड उघडलं, आणि तुम्हाला सांगते, ते मिटेचना! "ही बिअर आहे की करपलेलं पातेलं विसळलेलं पाणी? हॉप्सना जिवंत जाळलंय! ज्याने हे केलंय त्याला अंडं उकडायलासुद्धा देऊ नका!" लोरेटाच्या नाकातून बिअर आली. वेंडेल मांडी बडवत, "आणखी, आणखी!" मी आणखी बोलले! ऑरिनही हसत होता. जरा उशिरा हसत होता, पण म्हटलं, असेल त्याचा स्वभाव.

मग वेंडेलने नावं वाचली. तिसरा... ऑरिन.

"अरे, पहिलीच तर..." मी म्हणायला गेले. त्याने जॅकेट चढवलं, "अंडं जमतं मला," एवढंच म्हणाला, आणि गेला.

माझा ग्लास? पाचवा. त्याची चव कुणाला आठवेना, मलासुद्धा! तरी जागा मला दिली. बिअरसाठी नव्हे हो! वेंडेल म्हणाला, "असली जीभ आमच्याकडे नव्हती."

आता नवा कुणी आला की त्याचा ग्लास आधी माझ्यापुढे येतो, आणि सगळे आपापल्या खुर्च्या माझ्याजवळ ओढतात. नवा बिचारा माझ्याकडे बघून थरथरतो. माझ्याकडे बघून! मीही थरथरते, पण बोलते. काय करणार? नाही बोलले तर खुर्च्या मागे जातील ना!