हात वर, बाबा

…नाही, पण थंड म्हणजे किती थंड? तुम्हाला सांगतो, रश्श्यावर तेलाचा थर धरतो इतकं थंड! कोंबडीचा रस्सा, वर कोळंबीचं तांबडं तेल, आत तांदळाच्या पांढऱ्याशुभ्र नूडल्स, वाफ नुसती नाकात शिरतेय, शेजारी बशीत व्हिनेगरमधल्या मिरच्या… आणि मी काय करतोय? मी दोन काड्यांत त्या नूडल्स धरून वीतभर वर हवेत लटकवून बसलोय. देवाला नैवेद्य दाखवतात ना, तसा. देव परवडला हो, तो वासावर भागवतो आणि आपल्याला मोकळं करतो. इथे फोन! फोनचं पोट भरल्याशिवाय कुणी घास घ्यायचा नाही. आणि फोनच्या मागून आमच्या मुलीचा आवाज, "हात वर, बाबा. हलू नका."

मुलगी म्हणजे पुई-क्वान, एकुलती एक. वय एकतीस, सोमवार ते शुक्रवार विम्याच्या कचेरीत, आणि रविवारी सकाळी हा उद्योग. मलेशियातल्या आमच्या इपोह गावच्या गल्लीबोळांतली जुनी कॉफीची दुकानं, खाणावळी, जिथं मालकच शिजवतो आणि मालकच टेबल पुसतो अशा जागा हुडकायच्या, एकेक पदार्थ मागवायचा, फोटो काढायचा, चाखायचा, आणि फोनवरून जगाला दाखवायचा. चाळीस हजार माणसं बघतात म्हणे. चाळीस हजार! आणि त्यांतल्या एकालाही माझं तोंड ठाऊक नाही. फक्त हात. मनगटाच्या पुढचा. खाली लिहितात, काकांचा हात काय स्थिर आहे हो! एका बाईनं तर लिहिलं की हा हात बघितला की माझं मन शांत होतं. घ्या! हात प्रसिद्ध आणि मालक उपाशी.

तुम्ही म्हणाल, मग जाता कशाला? घरी बसा, गरम खा. बरोबर आहे तुमचं. पण असं आहे… माझी बायको जाऊन चार वर्षं झाली. आमच्या घरात बोलणारी तीच. मुलगी आणि मी, आम्ही दोघं ऐकणारे. आता नुसते ऐकणारेच मागे उरले तर घरात काय होणार? "जेवलात?" "जेवलो." "दिवा घालवू?" "घालव." वर्षभर एवढंच संभाषण, तुम्हाला सांगतो. शेजारचा पोपट आमच्यापेक्षा जास्त बोलायचा. आणि मग एका रविवारी हेंगच्या नूडल्सच्या दुकानात बसलो असताना तिनं फोन काढला आणि म्हणाली, बाबा, जरा काड्यांनी उचलून धरा ना. धरलं. फोटो झाला, फोन खाली ठेवला, आणि पोरगी बोलायला लागली! आई ह्यात मिरी किती घालायची, आई हेंगशी मिठावरून कशी भांडायची, आईनं एकदा रस्सा परत पाठवला तेव्हा हेंग आठ दिवस कसा रुसला होता… बोलतेय, बोलतेय, आणि मी थंडगार नूडल्स चघळत ऐकतोय. तेव्हापासून दर रविवारी जातो. खाण्याचं आपलं निमित्त हो. आठवड्यातला तेवढा एक तास माझी मुलगी माझ्याशी बोलते. हे तिला सांगू नका.

आणि हाताचं म्हणाल तर तो हात काही साधासुधा नाही. मी मोक. मोक पेंटर. दुकानांच्या पाट्या रंगवायचो. काळ्या लाकडावर सोनेरी अक्षरं, हातभर एकेक अक्षर! छत्तीस वर्षं शिडीवर काढली. खाली लॉऱ्या धडधडतायत, वर पाठ उन्हानं सोलून निघतेय, पण कुंचला एकदा टेकला की रेघ सरळच. आमच्या कामात एक काठी असते, तीनेक फूट लांब, टोकाला चिंध्यांचा गोळा. गोळा पाटीवर टेकवायचा, काठीवर मनगट ठेवायचं, आणि मग रंगवायचं. काठी सगळेच वापरतात. पण मी म्हणजे… आता स्वतःच्या तोंडानं काय सांगायचं, पण बाकीचे पेंटर म्हणायचे, मोकला काठी शोभेला लागते. नंतर प्लास्टिकच्या पाट्या आल्या, आत दिवे पेटणाऱ्या, आणि मोक पेंटर घरी बसला. सत्तराव्या वर्षी त्या हाताला पुन्हा काम मिळालं. काय काम? नूडल्स लटकवायचं! असो. "हात वर, बाबा. हलू नका."

तर यंदा आमचं चिनी नवं वर्ष झालं, दारावरचे लाल कंदील उतरवले, त्याच आठवड्यातली गोष्ट. आम्ही बसलोय स्टेशनमागच्या एका खाणावळीत, मी नूडल्स उचलल्या, आणि नूडल्स नाचायला लागल्या. मी म्हटलं, पंखा. मालकाला पंखा बंद करायला लावला. सगळं दुकान घामानं निथळतंय आणि नूडल्स आपल्या नाचतायतच. पुढच्या रविवारी म्हटलं, टेबल डुगडुगतंय. पायाखाली कागदाची घडी सरकवली, तर तिथली मालकीण फणफणली, तीस वर्षांत माझ्या टेबलाला कुणी नाव ठेवलं नाही म्हणाली! तिसऱ्या रविवारी एका लॉरीवर ढकललं. लॉरी गेली, आवाज गेला, धूर गेला… हात कापतोच आहे.

रात्रभर विचार केला. ह्या पोरीला कळलं तर काय होईल? हात कापतो म्हणजे फोटो बंद. फोटो बंद म्हणजे रविवार बंद. मग डॉक्टर, गोळ्या, आणि घरी "जेवलात?" "जेवलो." नाही, मला भीती वाटली. शिडीवरून पडताना वाटली नव्हती तेवढी वाटली, खरं सांगतो.

म्हणून काय केलं? माळ्यावरून ती काठी काढली! टेबलाखाली दोन गुडघ्यांत उभी धरायची, गोळा टेबलापेक्षा वीतभर वर येतो, त्यावर कोपरापुढचा हात टेकवायचा. फोटोत दिसतं मनगटाच्या पुढचं, काठी बाहेर. हात असा थांबला की वा! झाकली मूठ सव्वा लाखाची. पण काठी घरातून न्यायची कशी? तर मी म्हटलं, गुडघा दुखतो, टेकायला लागते. झालं! हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. आता लंगडायला नको? लंगडलो. तिनं तेल आणलं, लंगड्या गुडघ्याला रोज रात्री तेल. बरं, कुठला गुडघा हे तरी ध्यानात राहावं की नाही माणसाच्या? एक दिवस डावा, एक दिवस उजवा. दोन्ही गुडघे तेलानं चकाकतायत आणि दोन्ही ठणठणीत!

आणि हिचा फोटो मात्र संपता संपेना. पूर्वी दोन मिनिटांत व्हायचं हो. नव्या वर्षापासून दहा मिनिटं, पंधरा मिनिटं! फोन धरून नुसती बसते. मी मनात म्हणतोय, चाळीस हजार माणसं डोक्यात गेली, आता हिला साधा फोटो चालत नाही. पूर्वी निदान अख्खं वाक्य बोलायची, हात वर, बाबा, हलू नका. हल्ली नुसतं "हात वर, बाबा." पुढचं गाळलं. मी म्हटलं, चला, बापासाठी दोन शब्दसुद्धा जड झाले. रस्सा निवतोय, तेल धरतोय, आणि मी काठीवर हात टेकून कुरकुरतोय. पाच महिने हे चाललं.

मग कालच्या आधीच्या रविवारी हेंगकडे गेलो. हेंगला तुम्ही ओळखत नाही. हेंगचा आवाज म्हणजे समोरच्या डोंगरावर आपटून परत यावा असा, आणि पोटात काही ठेवायची माणसाला सवयच नाही. मी नूडल्स उचललेल्या, हिनं फोन रोखलेला, आणि हा वाडगा घेऊन माझ्या मागून आला. त्याची नजर गेली टेबलाखाली. तो ती काठी ओळखणार नाही तर कोण ओळखणार? त्याच्या डोक्यावर जी पाटी आहे ती मी ह्याच काठीवर रंगवली, बेचाळीस वर्षांपूर्वी, आणि खाली शिडी धरून हाच उभा होता.

"मोक, पाटी रंगवायला आलास होय रे?" सबंध दुकानाला ऐकू जाईल असं म्हणाला. "आणि ही हाताखाली कशाला घेतलीस? हात कापतो की काय तुझा?"

थट्टा केली हो त्यानं. माझा हात आणि कापणार, ह्यावरच तर हसू यायचं सगळ्यांना. पण काठी सुटली. नूडल्स धप्पकन वाडग्यात, रस्सा तिच्या फोनवर. हेंग माझ्या तोंडाकडे बघत राहिला आणि मग काही न बोलता आत गेला. हेंग, न बोलता!

पुई-क्वाननं फोन पुसला. सावकाश पुसला. म्हणाली, काठी बाजूला ठेवा, बाबा. मी म्हटलं, अगं, गुडघा… तर म्हणाली, "कुठला?"

आणि मला आठवेना.

मग तिनं फोन माझ्यापुढे सरकवला. तुम्हाला सांगतो, एकाच वाडग्याचे फोटो. एक, दोन, दहा, शंभर… मी बोट सरकवतोय आणि सगळे पुसट. हात पुसट, काड्या पुसट, ओल्या रंगावरून बाही फिरावी तशी नूडल्सची नुसती रेघ. काठीनंसुद्धा सगळं झाकलं नव्हतं तर. शंभरात एक स्वच्छ. तोच ती लोकांना दाखवायची.

"एक नीट येईपर्यंत थांबावं लागतं," ती म्हणाली.

"म्हणजे तुला ठाऊक होतं?"

"पंखा बंद करायला लावलात त्या दिवसापासून."

"मग बोलली का नाहीस?"

ती टेबलाकडे बघत म्हणाली, "तुम्ही यायचं बंद केलं असतं. मग रविवारी मी कुणाशी बोलणार?"

आता बोला! पाच महिने मी तिच्यापासून लपवतोय आणि ती माझ्यापासून. ती पंधरा पंधरा मिनिटं बसायची ती नखरे म्हणून नाही, माझा हात थांबायची वाट बघत बसायची. आणि "हलू नका" का म्हणत नव्हती? मला ते जमणार नाही हे तिला ठाऊक होतं म्हणून. आणि मी लेकाचा कशावर कुरकुरत होतो? रस्सा थंड झाला म्हणून! लाज वाटली मला. छत्तीस वर्षं सरळ रेघा ओढल्या, पण समोरचं अक्षर वाचता आलं नाही.

तेवढ्यात हेंग आला, नवा वाडगा घेऊन. ठेवला आणि गेला. हिनं फोन पिशवीत टाकला आणि म्हणाली, "खा, बाबा. गरम आहे तोवर." तीन वर्षांत पहिल्यांदा! मी मोठा घास घेतला… आणि जीभ भाजली. अशी भाजली की डोळ्यांतून घळाघळा पाणी. ती म्हणाली, काय झालं? मी म्हटलं, भाजलं. भाजलंच होतं हो. पण एवढं पाणी यायला फक्त जीभ पुरत नाही.

गुरुवारी डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरीण तरणी, हिच्याच वयाची. गोड बोलली, काय खाता, झोप लागते का, आणि मग एकदम म्हणते कशी, "काका, दोन्ही हात वर धरा पुढे. हलू नका." मी म्हटलं, फोटो काढणार का? ती गोंधळली. मी हसलो. आमची मुलगी हसली नाही, तोंड फिरवून खिडकीबाहेर बघत राहिली. हात तिथे सगळ्यांदेखत कापला. डॉक्टरीण म्हणाली, भिऊ नका, ह्यानं जिवाला धोका नाही, वयाबरोबर होतं काही जणांना. गोळ्यांनी कमी होईल. जाईल का, तर जाणार नाही. बरं. शिडीवर आता कोण बोलावतंय म्हणा.

आणि काल रविवार. मी म्हटलं, आता कशाला जायचं? फोटो तर नाही. ती म्हणाली, चला. फोन घरी ठेवला हो, टेबलावर पालथा! हेंगकडे गेलो. वाडगा आला. वाफ, कोळंबीचं तेल, मिरच्या, सगळं जिथल्या तिथे. समोर फोन नाही, कुणी थांबा म्हणणारं नाही. मी नूडल्स उचलल्या. हात लागला कापायला. काठी नाही, काही नाही. तर हिनं आपला हात पुढे केला आणि माझ्या मनगटाखाली ठेवला. जिथं काठी असायची तिथं. आणि लागली बोलायला. आईचं, आईच्या भांडणांचं, मग कचेरीतलं, मग कुणी एक मुलगा आहे त्याचं, ज्याचं नाव मी पहिल्यांदाच ऐकत होतो… बोलतेय, बोलतेय, आणि तिचा हात काही निघेना. मी म्हटलं, मी हात हलवला तर ती काढून घेईल. म्हणून हललो नाही. नूडल्स हवेत, हात वर, आणि तुम्हाला सांगतो, ह्या वेळी मला हलू नका असं कुणी म्हटलंसुद्धा नव्हतं. पाऊण तास!

आता मला सांगा, माणसानं गरम खायचं तरी कधी?