बाटलीची चव गेली

…आणि पहिला संशय कुणावर? माझ्यावर! म्हणजे तुम्हाला सांगते, एकवीस वर्षं ज्या बाईच्या हातचं मुकाट गिळलं तिच्यावर, आणि तेही कशावरून, तर सायकलच्या पाण्याच्या बाटलीवरून! सकाळी साडेसहाला आमचे हे दारात उभे, डोक्यावर हेल्मेट, खाली ती घट्ट चड्डी… चड्डीबद्दल मी काही बोलत नाही, मागे एकदा बोलले होते तर दोन दिवस अबोला… आणि हातात बाटली. एक घोट घेतला, गालात इकडून तिकडे फिरवला, आणि डोळे बारीक करून मला म्हणतात, "तू यात काय घातलंस?" मी म्हटलं, "पाणी तर तुम्हीच भरलंत." "मग याची चव कुठे गेली?" आता मला सांगा, पाण्याची चव गेली म्हणून ओरडणारा माणूस तुम्ही कुठे बघितलाय? आणि वर बोट नाचवून, "यात कुणाचा तरी हात आहे!"

त्या बाटलीतल्या पाण्याला चव येणार नाही तर काय होणार हो! दोन वर्षांपूर्वी डॉक्टरांनी वजन उतरवायला सांगितलं. साधी माणसं अशा वेळी चालायला जातात, यांनी सायकल आणली. सायकल काय लख्ख ठेवतात म्हणता! चेन पुसायला माझा नवा टॉवेल, चाकाच्या तारांना जुना टूथब्रश… जुना म्हणजे माझा. पण बाटली? बाटली धुवायची नाही! "पाणीच तर असतं त्यात, पाणी पाण्याला काय घाण करणार?" अहो, पाणी कसलं, दर रविवारच्या फेरीला त्यात ती संत्र्याच्या चवीची गोडमिट्ट पावडर, घाम गेला की भरून काढायची म्हणे. ती दोन घोट उरणार, झाकण घट्ट बसणार आणि बाटली दिवसभर बाल्कनीत उन्हात, सायकललाच खोचलेली. दुसऱ्या दिवशी नळाखाली खळखळ, खळखळ, झाली आंघोळ! आतून हिरवी पडली होती हो. आणि झाकणाला ती रबराची चोच असते ना, दातांनी ओढायची, तिच्या बुडाशी काळंकुट्ट. मी एकदा म्हटलं, "द्या, घासते." तर बाटली छातीशी धरून म्हणाले, "हात लावू नकोस, तिला माझी सवय झालीय." बाटलीला! मला अजून झाली नाही, आणि बाटलीला झाली!

तर ती चव गेली. आणि गेली ती गेली, वर एक वास आला. पुदिन्यासारखा, गारेगार. हे दर सकाळी हुंगायचे आणि म्हणायचे, "औषधाचा वास आहे. आणि औषधं कुणाकडे असतात?" झालं! यांच्या रविवारच्या सायकलवाल्यांत एक औषधाच्या दुकानाचे मालक आहेत, सगळे त्यांना केमिस्टच म्हणतात. भला माणूस. मागे यांचा पाय मुरगळला तेव्हा दोन्ही सायकली एकट्याने ढकलत, वर यांना खांद्याचा आधार देत घरापर्यंत आणलं होतं. पण अलीकडे त्यांच्या हातून एक मोठा गुन्हा घडला… चढावर ते यांच्या पुढे जायला लागले. पंधरा दिवसांवर शंभर किलोमीटरची मोठी फेरी, दोघं जोडीने जाणार होते, दोन महिने नुसती तीच बोलणी. आणि यांनी काय करावं? चहाच्या टपरीवर, दहा जणांसमोर, बाटली त्यांच्या नाकाखाली धरून विचारलं, "काय घालता यात?" केमिस्टनी चहाचा ग्लास खाली ठेवला. एवढंच म्हणाले, "मी? तुमच्या बाटलीत?" आणि सायकल वळवून निघून गेले. पुढच्या रविवारी आलेच नाहीत. हे घरी येऊन म्हणतात, "बघ, पळाला!" पण जेवताना ताटाकडे बघत बसले होते. तुम्हाला सांगते, मला तेव्हा राग यावा की कीव तेच कळेना.

बरं, केमिस्ट नाहीत तरी पुदिना आहेच! मग हे म्हणाले, "म्हणजे घरातच कुणाचा तरी हात आहे!" घरात आहे कोण? मी, हे आणि माझे बाबा. आई गेल्यावर, वर्षभरापूर्वी, बाबा आमच्याकडे आले. बोलणं किती, तर "हो", "नको" आणि "पुरे". खिडकीशी खुर्ची, तिथून उठायचं तरी "उठू का?" असं विचारल्यासारखं बघणार. ते बिचारे जावयाच्या वस्तूला कशाला हात लावतायत! म्हणजे उरले कोण? मीच!

मग सापळा. बाटलीवर टाल्कम पावडर भुरभुरली, का, तर चोराचे हात पांढरे होतील. संध्याकाळी ऑफिसातून येऊन, बूटही न काढता, "हात दाखव!" दाखवले. हळदीचे निघाले. आणि बाटलीवरची पावडर? तीही गायब! चोराने पुरावासुद्धा धुऊन ठेवलेला!

दुसऱ्या दिवशी यांनी चक्क अर्ध्या दिवसाची रजा टाकली. दुपारी चार वाजता हे स्वयंपाकघरात फ्रिजच्या मागे, आणि मला पण ओढलं, साक्षीदार म्हणून. मी म्हटलं, "अहो, माझे कपडे वाळत—" "शू!" आणि पावलं वाजली. आले कोण? बाबा! खांद्यावर पंचा, हातात बाटली. सिंकपाशी उभे राहिले, झाकण उघडलं, ती रबराची चोच फिरवून फिरवून अलगद काढली, काडीने कोपरे कोरले. कोमट पाणी ओतलं, खिशातून गोळीचा तुकडा काढून आत टाकला, फसफसलं, आणि तोच पुदिन्याचा वास सुटला. थांबले. लांब ब्रशने घासली, तीनदा विसळली, आणि मग बाटली खिडकीच्या उजेडात धरून, मान तिरकी करून, हळूहळू फिरवली. बाबांनी दुधाच्या डेअरीत चौतीस वर्षं हेच केलं होतं. पट्ट्यावरून बाटल्या सरकायच्या, मागे दिवा, आणि डाग दिसला की बाटली बाजूला. आई गेल्यापासून मी त्यांना असं ताठ उभं राहिलेलं बघितलंच नव्हतं.

तेवढ्यात यांनी झाडू पाडला. बाबा दचकले. आणि वर्षभरात बोलले नव्हते तेवढं एकदम बोलले, "माफ करा, जावईबापू. न विचारता हात लावला. पण ती आतून हिरवी होती हो. अशी बाटली मी कधी पुढे जाऊ दिली नाही… आणि तुम्ही तर त्यातून पिता. सांगणार होतो, पण जावयाला कसं सांगायचं, की तुमची बाटली घाण आहे?"

यांनी झाडू उचलला. माझ्या नवऱ्याने, झाडू! मग घसा खाकरून विचारलं, "बाबा… ती गोळी कसली?"

"कवळी धुवायची."

"म्हणजे… कवळी आणि बाटली… एकत्रच?"

"छे छे! अर्धी गोळी कवळीला, अर्धी तुम्हाला."

त्याच संध्याकाळी हे केमिस्टच्या दुकानात गेले. मला फूटपाथवर उभं केलं, धीर यावा म्हणून. केमिस्टनी आधी तीन गिऱ्हाइकं सावकाश उरकली. मग हे बाबांची आणि कवळीच्या गोळीची सगळी हकीकत सांगून म्हणाले, "चुकलं माझं. दहा जणांसमोर बोललो, दहा जणांसमोर माफी मागेन." केमिस्ट बराच वेळ काउंटर पुसत राहिले, आणि म्हणाले, "अहो, तुमच्या बाटलीत मी घालणार तरी काय? आत जागा कुठे होती?" आणि गोळ्यांचं नवं पाकीट पुढे सरकवलं. माफी मागितली हो यांनी, टपरीवर, सगळ्यांसमोर. शंभर किलोमीटर दोघं जोडीने करून आले. चढावर केमिस्ट पुढेच होते.

आता रोज संध्याकाळी माझ्या सिंकवर दोन पुरुष. बाबा बोलतात! "ओढू नका जावईबापू, फिरवा. झाकण उघडंच ठेवा, वारा लागू दे." मी बाहेर कपड्यांच्या घड्या घालत ऐकते आणि डोळे पुसते. म्हटलं, चला, संशयाचं भूत उतरलं एकदाचं…

कसलं उतरतंय! परवा बाटली लख्ख. यांनी घोट घेतला. बाबांनी घेतला. पुन्हा कसलीशी चव! दोघांनी एकमेकांकडे बघितलं. मग दोघांच्या माना एकदम वळल्या, भिंतीवरच्या पाण्याच्या फिल्टरकडे, आणि तिथून माझ्याकडे. हे म्हणाले, "यात कुणाचा तरी हात…" आणि बाबा, माझे सख्खे बाबा, म्हणाले, "नाही जावईबापू, यात कुणाचाच हात गेलेला दिसत नाही. काय गं, हा आतून शेवटचा कधी धुतलास?"

आता काय सांगू तुम्हाला… मी म्हटलं, "उघडतो होय तो?"