बॉनेट धरा, पावणं

न्हाय न्हाय, तसं न्हवं — दोन्ही हातांनी धरा, पावणं, एका हातानं न्हाय पेलायचं, बॉनेट जड हाय. ह्याची टेकूची काठी मोडलीया, आन् तसली काठी हितं मिळत न्हाय, उद्यमनगरात लेथवाल्याकडं टाकलीया करायला. तवर माणूस धरायला लागतंय. व्हय, ठाव हाय की मला, तुमी लेकीला न्यायला आलायसा, बॉनेट धरायला न्हवं. मलकापुरास्नं सकाळच्या यष्टीनं आलायसा, चहा घेतलासा, आन् तुमास्नी वाटलं, हंबीरराव हातातला पाना खाली ठेवत्याल आन् म्हणत्याल, सासरं आलं, चला, पोरीची पिशवी भरा. पद्धत हाय, मी न्हाय कुठं म्हणतोय? पहिलं बाळंतपण म्हायेरातच व्हायला पायजे. पण परवा मला ही गाडी घिऊन पन्हाळा चढायचाय. कबनूरचा तो बाळासो — चार माग चालाय लागलं तसं त्यानं बी एक उघडी गाडी आणली, आन् चारचौघांत मला म्हणतोय, हंबीरराव, तुमची गाडी आता तालमीत ठेवा, हार घाला, उदबत्ती लावा. मला म्हणतोय! मग परवापातूर लेक हितंच. त्याच्यावर बोलायचं न्हाय. वर धरा जरा, उजेड अडतोय.

बघा तरी एकदा हिच्याकडं, आलायसा तर. दोनच शिटा, टप न्हाय, जमिनीला पोट लागंल अशी बसकी, इलायती. एका इनामदारानं मोडीत काढायला काढलीती, मी वढून आणली. हा लाल रंग कुणी मारलाय? मी. गोठ्यातल्या म्हशी भाईर बांधल्या, जमीन भिजवली धूळ उडू नये म्हणून, आन् आत कोंडून घेतलं सवताला. म्हशी आटल्या त्या पावसात, आई बडबडली — बडबडू दे. रोज तेल बघतो, पाणी बघतो, पलग काढून पुसतो. आन् धुवायला गार पाणी लावत न्हाय मी हिला, हातानं बघून कोमट घेतो. कोण तापवतंय? तुमची लेकच तापवती की, चुलीवर. एक दिवस चटका बसंल असं आणलं, तवा तेच तिच्या पायावर वतलं. पुन्ना चुकली न्हाय. शिकवायला लागतंय, पावणं, गाडीला काय आन् बाईला काय.

आता बिघाड काय झालाय ते सांगतो, म्हंजे तुमास्नी वाटायचं न्हाय की जावई उगंच अडवून धरतोय. इंजिनातनं धूर भाईर जातोय न्हवं, ती नळी इंजिनाला हितं जोडलीया. मधली गॅस्केट, सांध्यातली पातळ चकती वो, ती जळली. चढाला लागली की फाट् फाट् करती, जीवच ऱ्हात न्हाय तिच्यात. नवी गॅस्केट मी कापून बसवली, वरचं समदं नट आवळलं. ऱ्हायला एकच — खालचा, पार मागं, आतल्या पत्र्याच्या भिंतीच्या अंगाला. तिथं माझा पंजा जात न्हाय. मीरासाब मिस्त्री म्हणला, इंजिन वर उचलावं लागंल. उचलू दिलं न्हाय मी. दुसऱ्याचा हात लागला की हिचा आवाज बदलतो. मग कोण करतंय म्हणता? चिमणा करती. तुमची लेक. तिचा हात जातोय. तुमास्नी ठाव न्हाय? आवो, हाताकडं बघूनच तर केली मी ती!

आठवतंय का, बघायचा कार्यक्रम? तुमच्या सोप्यात समदी बसलीती, आमचा काका इचारतोय, सैपाक येतोय का, भाकरी येतीया का, आन् मी म्हणलं, एक तांब्या आणा, निमुळत्या तोंडाचा. त्यात सुपारी टाकली आन् म्हणलं, हात घालून काढ. समदी हसली. तुमची मंडळी, धोंडुबाई, तर पदर तोंडाला लावून हसल्या, म्हणल्या, जावईबापू लगीन लागायच्या आधीच खेळ खेळत्यात. आन् पोरीनं पाण्यात बोटं बुडवावीत तसा हात आत घातला आन् सुपारी काढून माझ्यापुढं धरली. तुमी मिशीवर हात फिरवलासा, मी बघितलं की. तुमची धाकटी लेक बी खांबाआडनं बघत हुती. मला पोरगी दिसायला कशी, शिकली किती — कशाचं काय! हात बघितला, मनगट बघितलं, हो म्हणून टाकलं. तुमी सगळ्या गावाला सांगत सुटला, आमच्या पोरीला बघताक्षणी पसंत केली. केलीच की.

बॉनेट हलवू नका. जड हाय म्हणून सांगितलं न्हवं? मागं एकदा आमच्या गड्याच्या हातनं सुटलं, तिच्या पाठीवर पडलं. ती आत वाकलीती. पण नट सोडला न्हाय तिनं, आवळूनच भाईर आली. मी सवता शाबास म्हणलो. हां, गेल्या साली मात्र चुकलं. चुकलं म्हंजे — बिंदू चौकात बंद पडली ही, बॅटरी बसली, आन् बघ्यांची ही गर्दी. म्हणलं, उतर, ढकल. तिसरा म्हैना हुता, आता मला काय ठाव, बायका सांगत्यात व्हय असलं? सांगितलंतं म्हणा तिनं. पण चौकात गाडी उभी ठेवू? लोक हसायला लागल्यालं. चालू झाली गाडी, घरला आलो, आन् रातीला ते पोटातलं गेलं... काय? असं काय बघताय? तुमास्नी म्हायती न्हवतं? हौदावर पाय घसरला म्हणून सांगितलं व्हय तिनं? बघा की, शाणी हाय पोर. घरातलं घरात ठेवती. आता मीच बोलून बसलो, तर ऱ्हाऊ दे. धरा. धरा म्हणतोय न्हवं! तुमी बॉनेट सोडलंसा तर लेक बी सोडायची न्हाय मी, हे ध्यानात ठेवा. हां. असं.

चिमणे! ये हिकडं. बापाकडं काय बघतीस, हिकडं बघ. पिशवी ठेव खाली. हात आण. हा नट आवळलास की मग बघू, सोडायचं का न्हाय. घाल... घाल की. का जात न्हाय? बांगड्या अडत्यात. परवा ओटी भरली न्हवं, धोंडुबाईंनी मनगट भरून हिरवा चुडा घातलाय. साबण लावलास? लावून बी निघत न्हाईत? दे हिकडं हात. पक्कड कुठं हाय — हलू नकोस, काच घुसंल. ही एक. ही दुसरी. तुमी कशाला डोळं झाकताय, पावणं? नवऱ्यानंच फोडल्यात, आन् नवरा जिता हाय की तुमच्यापुढं उभा. आता घाल. जोर लाव. अगं, जोर... भाईर काढ. बघू. हे काय? हे काय झालंय हाताचं? दाबलं की खड्डा पडतोय! पाय बी असंच? कवापास्नं? आन् मला कुणी सांगायचं?

झालं. सपलं. जा, उचल पिशवी, घे काय घ्यायचं ते.

न्या, पावणं. न्या तुमची लेक, मला आता काय उपेग तिचा? आन् बाळंत झाली तरी घाई करू नका, सूज पुरती उतरली की मगच धाडा. न्हाय उतरली, तर ठेवा तिकडंच. पण एक करायचं. धाकटीला धाडून द्या. उद्या सकाळच्या यष्टीनं. घरात बाईमाणूस न्हाय, आईच्या हाताखाली पायजे कोणतरी, असं सांगा लोकास्नी. काय बिघडतंय? तिची बी मनगटं बारीक हुती, बघितलंय मी त्या दिवशी खांबाला धरल्यालं. तरी खात्री करून घ्या — तांब्या हाय न्हवं अजून तुमच्या घरात? सुपारी टाका आन् बघा. तेरा-चौदाची असंल की आता. उलट बरं, लवकर शिकती.

  ठरवा तुमी. तवर मीच बघतो एकदा, तिनं साबण लावून ठेवलाय तर माझा बी जाईल... हां, जातोय... जातोय की! उगंच बाईच्या पाया पडत बसलो. नटाला बोट लागलं. अजून जरा... आयला. मनगट बसलं. बसलं, पावणं. भाईर बी येईना. थांबा, घाबरू नका, जरा पिळून — आई गं! चिमणे, तेल आण वाईच. चिमणे! दारात उभी काय ऱ्हायलीस पिशवी घिऊन? तेल आण म्हणतोय!

पावणं, वर धरा, डोक्याला लागतंय माझ्या. दमलाय व्हय? चिमणे, तू तरी धर, बापाचं हात थरथरत्यात... थरथरत न्हाईत? मग खाली का आणताय? पावणं, हात आत हाय माझा, दिसतंय न्हवं तुमास्नी? धाकटीचं मी उगंच बोललो, गमतीनं, ऱ्हाऊ दे धाकटीला. पावणं — मामा. मामा, ऐका की. मामा —